स्क्रीन गोठल्यावर पूर्ण संगणक बंद न करता फक्त ग्राफिकल भाग पुन्हा सुरू करता येतो का?

अक्षरजुळणी (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीत घरूनच पुस्तकांची मांडणी आणि जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर काढण्याचे काम करतो. संगणकावर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे, मेमरी ८ जीबी आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असून त्याला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर चालतो. लॉग-इन करताना मी कधी काही निवडत नाही. जे आपोआप सुरू होते त्यातच काम करतो.

गेल्या दोन महिन्यांत चार वेळा असे घडले की स्क्रीन आहे तशी थिजली. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक कुठेच लागत नाही, वरच्या पट्टीतले घड्याळ गोठल्या क्षणाची वेळ दाखवत राहते, आणि मागे लावलेले नाट्यसंगीत मात्र व्यवस्थित चालू असते. त्यामुळे आतली यंत्रणा जिवंत आहे एवढे मलाही कळते. तरीही दुसरा उपाय ठाऊक नसल्याने मी दर वेळी पॉवरचे बटण दाबून धरले. मागच्या खेपेला टर्मिनलमध्ये ३८० पानांच्या एका बांधीव खंडावर टेसरॅक्ट (स्कॅनमधून मजकूर काढणारा प्रोग्रॅम) चालू होते, ते अर्ध्यावर तुटले. शिवाय स्क्रायबस या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये न जतन केलेली सोळा पानेही गेली.

इंटरनेटवर 'डिस्प्ले सर्व्हर पुन्हा सुरू करा' असा सल्ला जागोजागी दिसतो, पण तसे केल्यावर उघड्या खिडक्यांचे काय होते हे कोणीच नीट सांगत नाही. खिडक्या आणि चालू काम वाचवून फक्त दिसणारा भाग पुन्हा सुरू करता येतो का? येत असेल तर नेमके काय टंकायचे?

मूळनिर्देशिका

या मंडळाच्या देवनागरी नियमाप्रमाणे आज्ञा उच्चारानुसार अवतरणचिन्हांत लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा प्रोग्रॅम, पुन्हा सुरू केला तर त्याच्या आधाराने उघडलेली प्रत्येक खिडकी बंद होते आणि त्या खिडकीत न जतन केलेले काम जाते. याला पळवाट नाही. मात्र आपला डिस्प्ले सर्व्हर मुळात अडकलेलाच नसावा, असा मला दाट संशय आहे, आणि संशयाचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे: माउसचा बाण फिरतो.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर सध्या दोन व्यवस्था आढळतात. जुनी एक्स, ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून चालत आली, म्हणून तिला एक्स११ म्हणतात. नवी वेलँड, तिचे काम २००८ मध्ये सुरू झाले. आपण मांडणीच्या व्यवसायातले आहात, म्हणून आपल्याच क्षेत्रातला दाखला देतो. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कंपॉझिटर वेगळा आणि यंत्र चालवणारा वेगळा असे. एक्समध्ये तसेच आहे: एक्स-ऑर्ग नावाचा सर्व्हर यंत्र चालवतो, म्हणजे कीबोर्ड, माउस आणि पडदा सांभाळतो, तर खिडक्यांची जुळणी करून त्या पडद्यावर मांडणारा ग्नोम-शेल (उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपचा मुख्य भाग) हा त्याहून वेगळा प्रोग्रॅम असतो. (योगायोगाने या जुळणी करणाऱ्यालाही कंपोझिटरच म्हणतात.) वेलँडमध्ये ही दोन्ही कामे एकच माणूस करतो, म्हणजे ग्नोम-शेल हाच सर्व्हरही असतो. तो पडला की छापखाना बंद.

एक्समध्ये ग्नोम-शेल अडकला तरी एक्स-ऑर्ग बाण हलवत राहतो. वेलँडवर आपल्या आवृत्तीतला ग्नोम-शेल अडकला तर बहुधा बाणही जागीच थिजतो. शिवाय २२.०४ मध्ये वेलँड हा सर्वसाधारण पर्याय असला, तरी काही बंदिस्त ड्रायव्हरांच्या कार्डांवर उबंटू आपण होऊन एक्सच निवडते. खात्रीसाठी टर्मिनलमध्ये 'एको', जागा सोडून डॉलरचे चिन्ह, आणि त्याला जोडून मोठ्या लिपीत 'एक्सडीजी_सेशन_टाइप' असे टंकावे. उत्तर एक तर 'एक्स११' येईल किंवा 'वेलँड'.

एक्स११ आले, तर पुढच्या वेळी गोठल्यावर असे करावे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबावे, काळ्या पडद्यावर लॉग-इन मागितले जाईल. तिथे आपले नेहमीचे नाव आणि पासवर्ड द्यावा (पासवर्ड टंकताना ठिपकेही दिसत नाहीत, त्याने घाबरू नये) आणि 'किलऑल -३ ग्नोम-शेल' ही आज्ञा द्यावी. आज्ञेपुढे सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द) लावू नये. लॉग-इनचा पडदाही ग्नोम-शेलच रंगवतो, पण तो दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याला हात लावण्याची गरज नाही. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून परत यावे. पट्टी नाहीशी होऊन काही सेकंदांत पुन्हा उभी राहते आणि खिडक्या होत्या तिथेच असतात, कारण त्या एक्स-ऑर्गच्या ताब्यात होत्या आणि तो हललाच नाही. शेल थोडाफार प्रतिसाद देत असेल, तर ऑल्ट-एफ२ दाबून उघडणाऱ्या चौकटीत नुसते 'आर' टंकून एंटर केल्यानेही हेच होते. पूर्ण गोठल्यावर मात्र ती चौकट दाखवणार कोण? ती शेलच दाखवतो.

एवढ्याने भागले नाही, तरच शेवटचा उपाय म्हणून त्याच काळ्या पडद्यावरून 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर'. डिस्प्ले मॅनेजर म्हणजे लॉग-इनचा पडदा दाखवून सत्र सुरू करणारा प्रोग्रॅम. उबंटूत या नावामागे जीडीएम३ असतो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बहुतेक वितरणांत एसडीडीएम आणि मिंटमध्ये लाइटडीएम. पण हे सामान्य नाव दिले की कोणता आहे हे लक्षात ठेवावे लागत नाही. याने सर्व खिडक्या बंद होतात आणि आपण थेट लॉग-इनच्या पडद्यावर येता. संगणक बंद होत नाही, डिस्कवरचे लेखन अर्धवट तुटत नाही, छपाईची रांग आणि इतर सेवा चालू राहतात. पॉवरचे बटण दाबून धरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

जुनाखेळाडू

एवढे कशाला? पूर्वी कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस दाबले की काम होत असे. मी तर काळ्या पडद्यावरून 'सुडो स्टार्टएक्स' देतो आणि दुसरा डेस्कटॉप उघडतो.

मूळनिर्देशिका

कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस अजूनही आहे, परंतु २००९ च्या सुमारास ते मुळातच बंद ठेवण्यात आले, कारण लोकांच्या हातून ते चुकून दाबले जाई आणि सर्व काम जाई. एक्सवर 'सेटएक्सकेबीमॅप -ऑप्शन टर्मिनेट:कंट्रोल_ऑल्ट_बीकेएसपी' या आज्ञेने ते परत मिळते; आज्ञेत 'कंट्रोल' हा शब्द सी-टी-आर-एल असा आखूडच लिहावा. पण त्यानेही सर्व्हरच पडतो, म्हणजे खिडक्या जातात, आणि प्रश्नकर्त्यांना तेच नको आहे.

'सुडो स्टार्टएक्स' मात्र कृपया कोणीही वापरू नये. त्याने आपल्या होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी आणि आयसीईऑथॉरिटी या लपलेल्या फाइली रूट या प्रशासक खात्याच्या मालकीच्या होऊ शकतात, आणि मग पासवर्ड बरोबर देऊनही लॉग-इनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येत राहतो. अशा तक्रारी घेऊन आलेल्या निम्म्या लोकांनी आदल्या दिवशी नेमके हेच केलेले असते, असा माझा अनुभव आहे.

टॅबपूर्ती

वरील उत्तराला मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी जोडतो.

पहिली, त्या काळ्या पडद्याविषयी. ज्यांनी संपूर्ण प्रणाली मराठीत ठेवली आहे, त्यांना तिथे संदेशांच्या जागी चौकोन किंवा निरर्थक चिन्हे दिसतील आणि संगणक आणखीच बिघडला असे वाटेल. तसे काही नसते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्याच्या, त्या कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ अक्षरचित्रे ठेवता येतात आणि जोडाक्षरे किंवा वेलांट्या जागेवर बसवण्याची यंत्रणाच तिथे नाही. लॉग-इन केल्याबरोबर 'एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी' दिले, म्हणजे संदेश इंग्रजीत येतात आणि निदान वाचता येतात; यातले 'एलसी_ऑल' आणि 'सी' मोठ्या लिपीत टंकावे. फाइलींची नावे मराठीत असतील, तर ती तिथे टंकता येणार नाहीत. तारांकन वापरावे किंवा टॅब दाबून नाव पुरे करून घ्यावे, पडद्यावर ते चौकोनांचेच दिसले तरी फाइल बरोबर उघडते.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळ जण केवळ मराठी टंकन अडकले म्हणून लॉग-आउट करतात किंवा थेट डिस्प्ले मॅनेजरवर हात टाकतात. संगणक झोपेतून उठल्यावर भाषा बदलण्याचे चिन्ह बदलते, पण अक्षरे रोमनच उमटतात, हा प्रकार अनेकांनी पाहिला असेल. तिथे सर्व्हरचा काहीही दोष नसतो, टंकनासाठी मध्ये बसलेला आयबस अडकलेला असतो. साध्या टर्मिनलमध्ये 'आयबस रीस्टार्ट' एवढे पुरते. तो चालूच नसेल तर 'आयबस-डेमन -डीआरएक्स'. एकही खिडकी बंद होत नाही; एखाद्या प्रोग्रॅममध्ये तरीही अक्षर उमटेना, तर तेवढाच एक बंद करून उघडावा.

अक्षरजुळणी

सर्वांचे आभार. तपासले, आणि खरोखर 'एक्स११' आले. मी इतके दिवस वेलँडवर आहे असेच समजत होतो.

काल रात्री स्क्रीन पुन्हा गोठली. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळा पडदा आला, लॉग-इन झाले. सांगितलेली आज्ञा देण्याआधी सहज 'टॉप' लावून पाहिले, तर ग्नोम-शेल एकटाच प्रोसेसरचा जवळजवळ १०० टक्के एक गाभा खात होता. मेमरी मात्र ३ जीबीहून अधिक मोकळी होती. मग 'किलऑल -३ ग्नोम-शेल' दिले आणि एफ२ वर परतलो. क्षणभर सर्व खिडक्या चौकटीविना, एकावर एक पडलेल्या दिसल्या आणि पोटात गोळा आला. पण पाच-सहा सेकंदांत पट्टी आली आणि स्क्रायबसमधले पान जसेच्या तसे होते. जतन न केलेला बदल दाखवणारी शीर्षकापुढची तारकासुद्धा.

आता दोन शंका उरल्या. हे मुळात होते कशामुळे, हे कसे शोधावे? आणि टेसरॅक्टसारखे रात्रभर चालणारे काम असे कुठे ठेवावे, की उद्या खरोखरच डिस्प्ले मॅनेजर पुन्हा सुरू करावा लागला तरी ते तुटणार नाही?

मूळनिर्देशिका

शेल एकटाच प्रोसेसर खात असेल आणि मेमरी मोकळी असेल, तर माझा पहिला संशय एक्स्टेन्शनांवर (शेलला जोडलेल्या छोट्या पुरवण्यांवर) जातो, कारण ती शेलच्या आतच, त्याच प्रक्रियेत चालतात. एकाने चक्र सोडले नाही की शेल अडकतो. 'ग्नोम-एक्स्टेन्शन्स लिस्ट' ने यादी मिळते, त्यापुढे दोन लघुरेषा देऊन 'एनेबल्ड' लिहिले की फक्त चालू असलेली दिसतात. आपण वेगळी बसवलेली सर्व बंद करून एक आठवडा काढावा आणि मग एकेक सुरू करावे. सोबत गोठल्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात: 'जर्नलसीटीएल -बी' ने या वेळच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी दिसतात आणि 'जर्नलसीटीएल -बी -१' ने त्याआधीच्या खेपेच्या. पॉवरचे बटण दाबून संगणक बंद केला असेल, तेव्हा ही दुसरी आज्ञाच उपयोगी पडते. घड्याळ ज्या वेळेवर थांबले होते ती वेळ कागदावर टिपून ठेवत जा. नोंदींच्या समुद्रात तोच एक दीपस्तंभ.

रात्रभराच्या कामासाठी टीमक्स (खिडकी गेली तरी टर्मिनलमधले काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) बसवावे. मात्र ते ग्राफिकल टर्मिनलच्या खिडकीतून सुरू केले, तर ग्राफिकल सत्र संपताना तेही त्याच झाडूत जाऊ शकते. म्हणून एफ३ च्या काळ्या पडद्यावर लॉग-इन करून तिथे टीमक्स सुरू करावे, त्यात टेसरॅक्ट लावावे, आणि तिथून लॉग-आउट न करता एफ२ वर यावे. प्रगती पाहायची असेल, तर नेहमीच्या टर्मिनलमध्ये 'टीमक्स अटॅच' दिले की तेच सत्र खिडकीत दिसते. खिडकी मेली तरी काम मूळ जागी चालू राहते. टेसरॅक्टला पडदा लागतच नाही, त्याला तो पुरवून आपण उगाच जोखीम वाढवत होतो.

कृष्णफलक

चर्चा उपयुक्त आहे, परंतु उद्या कोणी हा धागा वाचून वेलँडवर हेच करायला जाईल, म्हणून सावध करतो. वेलँडवर 'किलऑल -३ ग्नोम-शेल' दिले तर संपूर्ण सत्र संपते, आणि ऑल्ट-एफ२ मध्ये 'आर' दिले तर ही सोय वेलँडवर नाही, असे उत्तर मिळते. त्याहून अडचणीची बाब अशी की, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ही कळ तिथे ग्नोम-शेललाच ओळखावी लागते. तोच गोठला असेल तर काळा पडदाही येत नाही.

अशा वेळी दोन दारे उरतात. एक म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून, फोनवरून सुद्धा, एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरणे. त्यासाठी ओपन-एसएसएच-सर्व्हर आधीच बसवलेला हवा आणि 'होस्टनेम -आय' ने (यातला आय मोठ्या लिपीत) मिळणारा पत्ता लिहून ठेवलेला हवा. दुसरे म्हणजे ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन यांच्यासह दाबायच्या कर्नलच्या कळा. त्यांतली 'के' ही समोरच्या कन्सोलवरचे सर्व प्रोग्रॅम मारते, म्हणजे ग्राफिकल सत्र जाते आणि सहसा लॉग-इनचा पडदा परत येतो. पण उबंटूत ही कळ मुळात बंद असते. तिथे कर्नलच्या सिसआरक्यू या मांडणीचे मूल्य १७६, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज असते. त्यात डिस्कवरचे लेखन पुरे करणे, डिस्क फक्त वाचनीय करणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे एवढेच मोडते. कीबोर्डच्या गटाचे ४ त्यात मिळवून १८० केले, की 'के' चालू लागते: 'सुडो सिससीटीएल कर्नल.सिसआरक्यू=१८०' (दुसऱ्या शब्दाचे स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल). संगणक पुन्हा सुरू झाल्यावर हे मूल्य मूळपदावर जाते, त्यामुळे निर्धास्तपणे करून पाहण्यास हरकत नाही. डेबियनमध्ये मूल्य ४३८ असते आणि 'के' तशीच चालते. काहीच लागू पडेना, तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून 'एस', 'यू', 'बी' या कळा मध्ये दोन-तीन सेकंद सोडून दाबाव्यात. पॉवरच्या बटणापेक्षा डिस्क सुखरूप राहते.

केडीई प्लाझ्माच्या सहाव्या आवृत्तीत वेलँडचा कंपोझिटर पडला तरी क्यूटी ६ या साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅम जिवंत राहून पुन्हा जोडले जाण्याची सोय झाली आहे. ग्नोमवर असलेल्यांनी, माझ्या मते, एक्सवर विसंबून राहू नये: ग्नोम ४९ मध्ये एक्सचे सत्र मुळातच बंद ठेवले आहे आणि उबंटू २५.१० मधून ते काढले गेले आहे. अक्षरजुळणी यांना आज मिळालेली सोय २५.१० पासूनच्या आवृत्त्यांत नसेल, तेव्हा कारण शोधणेच बरे.

आणखी एक. 'पीएस ऑक्स' मध्ये अडकलेल्या प्रोग्रॅमच्या स्थितीच्या रकान्यात मोठा 'डी' दिसत असेल, तर तो कर्नलच्या आत ड्रायव्हरची वाट पाहत बसला आहे. त्याला सक्तीच्या 'किलऑल -९' ने सुद्धा मारता येत नाही आणि डिस्प्ले मॅनेजर पुन्हा सुरू करूनही उपयोग होत नाही. तेव्हा 'सुडो डीमेसेज -टी' (टी मोठ्या लिपीत; आज्ञेचे स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) पाहून ड्रायव्हरची तक्रार टिपून घ्यावी आणि संगणक रीतसर पुन्हा सुरू करावा.

अक्षरजुळणी

कळवण्यास उशीर झाला. वरच्या पट्टीत इंटरनेटचा वेग दाखवणारे एक एक्स्टेन्शन मी दिवाळीत बसवले होते. ते बंद केल्यापासून अकरा दिवस स्क्रीन गोठलेली नाही. नोंदींतही गोठल्या वेळी त्याच्याच नावाच्या ओळी शेकड्याने सापडल्या.

तरीही खात्री करून घेण्यासाठी काल सर्व काही जतन करून मुद्दामच डिस्प्ले मॅनेजर पुन्हा सुरू केला. एफ३ वर टीमक्समध्ये टेसरॅक्ट मराठीच्या 'एमएआर' या माहितीसंचासह तोच ३८० पानांचा खंड वाचत होते आणि २१२ व्या पानावर होते. लॉग-इन करून 'टीमक्स अटॅच' दिले तेव्हा ते २१५ व्या पानावर पोहोचले होते.

एकच गोष्ट ध्यानात आली, ती लिहून ठेवतो: एफ३ वरून परतताना माझ्याकडून एकदा एफ२ ऐवजी एफ१ दाबले गेले आणि समोर लॉग-इनचा पडदा पाहून सत्र गेले असे वाटले. ते गेलेले नव्हते. जीडीएम आपला लॉग-इनचा पडदा एफ१ वर ठेवतो आणि आपले सत्र एफ२ वर असते. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबताच स्क्रायबस समोर आले.